काठापर्यंत वरण

नकुलचा फोन बंद झाला आणि सरला थेट काचेच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली.

तो येणार होता. थँक्सगिव्हिंगला. चार वर्षांनी. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याआधी भीती वाटली.

कपाटात वरच्या फळीवर दोन वाडगे होते. दुधावरच्या सायीसारखे पांढरे. एका बाजूला चांदीचा गणपती, दुसऱ्या बाजूला नकुलची शाळेतली ट्रॉफी. वाडग्यांवर एक डाग नव्हता, एक ओरखडा नव्हता. हीच तर पंचाईत होती. कारण वाडगे घरी आले तेव्हापासून दर शनिवारी ती मुलाला सांगत आली होती, "हो रे, त्यातच वरण खाते मी. रोज."

सोफ्यावरून उल्हास म्हणाला, "आता काय करशील?"

"काय करायचंय?"

"पोरगा कुंभार आहे, सरला. त्याला मडकं समजत असेल."

सरला भंडाऱ्याची. घरची थोडी धानाची शेती. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, नागपूरच्या उल्हासशी लग्न झालं आणि त्याच्या मागोमाग बॉथेलला आली. उल्हासला नोकरी होती. तिच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. ती खिडकीतून देवदारांसारखी उंच झाडं बघायची आणि मनातल्या मनात त्यांची कुळं लावायची. मग नकुल झाला. पुढे परवानगी आली तेव्हा शिकलेलं सगळं जुनं झालं होतं. नकुलच्या प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये जागा निघाली. ती गेली.

"एम.एस्सी. करून मुलांना बटाटे वाढणार?" तेव्हा मराठी मंडळातल्या एका काकूंनी विचारलं होतं.

"बटाटा पण वनस्पतीच आहे," सरला म्हणाली होती.

ती आजही तिथेच आहे. मुलं तिला मिस सरला म्हणतात. नकुल लहान होता तेव्हा तोही रांगेत यायचा. इतर मुलांसारखाच ट्रे पुढे करायचा. आई म्हणून हाक मारायची नाही, असं त्यानंच ठरवलं होतं. ट्रे देताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागायची. तेवढंच. पण तो ट्रे ओढून घ्यायला क्षणभर उशीर करायचा. ते तिला कळायचं.

त्याच नकुलनं मोठा झाल्यावर चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडली. आधी शनिवार-रविवार कुंभाराच्या चाकावर बसायला जायचा. मग एक दिवस म्हणाला, जपानला चाललो, मशिको नावाच्या गावी. तिथे एका गुरुजींकडे शिकणार.

उल्हासनं त्याला फक्त एक प्रश्न विचारला. "मडकीच करायची होती तर मी तीस वर्षं इथं काऊन राबलो?"

दोघं त्यानंतर बोलायचे, पण हवामानावर. तिकडे थंडी आहे का? आहे. इकडे पाऊस आहे का? आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात एक खोकं आलं. आत कागद, त्यात पुन्हा कागद, आणि हे दोन वाडगे. गुरुजींनी भट्टीत ठेवू दिलेली त्याची पहिली दोन भांडी.

"आई, आधी ते भाताच्या पेजेत उकळायचे," नकुल फोनवर म्हणाला. "हळूहळू. मग त्यातच गार होऊ दे. मातीला पोर्स असतात, ते पेजेनं भरतात. आणि खायच्या आधी दर वेळी थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेव, म्हणजे डाग पडत नाहीत."

"आणि विसरले तर?"

"तर पडतील. पडू दे. त्या बारीक क्रॅक्स दिसतात ना? त्यांच्यात कलर जातो. इट्स सपोज्ड टू. वापरून वापरून बाउल बदलतो. मग तो तुमचा होतो."

"आणि हा पांढरा रंग कसला रे?"

"राइस हस्कची ॲश."

"तूस म्हणतात त्याला."

"तूस," तो म्हणाला. जणू खिशात ठेवला तो शब्द.

सरला हसली. भंडाऱ्याला मागच्या अंगणात तुसाच्या राखेनं ती पितळी भांडी घासायची. नखांत राख जायची. आणि मुलगा त्याच राखेनं भांडं रंगवत होता. कुणी सांगितलं होतं त्याला? कुणीच नाही.

तिनं पेज केली. वाडगे त्यात उकळले. गार होऊ दिले. धुतले, पुसले. वरण शिजवलं. पळी वाडग्यापर्यंत नेली आणि तिचा हात थांबला.

हळद. तिनं आयुष्यभर हळदीचे डाग काढले होते. टेबलक्लॉथवरचे, डब्यांवरचे, नकुलच्या पांढऱ्या शर्टावरचे. आता स्वतःच्या हातानं त्याच्या पहिल्या वाडग्याला डाग लावायचा? आणि हातातून निसटला तर? सिंकमध्ये आपटला तर? पोरगा तिकडे, समुद्रापलीकडे. त्याच्या हातचं घरात एवढंच.

तिनं वरण स्टीलच्या वाटीत घेतलं. वाडगे कपाटात गेले. त्या शनिवारी नकुलनं विचारलं, "खाल्लंस?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हो तर."

एकदा हो म्हटलं की परत कुठून फिरायचं? पुढच्या शनिवारी त्यानं विचारलं, कसा वाटतो? ती म्हणाली, छान, हलका आहे. एकदा म्हणाला, दाखव ना. ती म्हणाली, सिंकमध्ये आहे रे, खरकटा. उल्हास शेजारी बसून ऐकायचा आणि भुवई वर करायचा. खोटं बोलताना तिला वाईट वाटायचं नाही. पलीकडे नकुलचा चेहरा इतका उजळायचा, की ते तिला खोटं वाटायचंच नाही.

आता मात्र तो स्वतः येणार होता.

थँक्सगिव्हिंगला दोन आठवडे होते. सरलानं ठरवलं, दोन आठवड्यांत वाडगा तीन वर्षं जुना करायचा. विज्ञानाची विद्यार्थिनी होती ती. आम्ल आणि उष्णता. तिनं चिंचेचा कोळ काढला, त्यात हळद घातली, कोमट पाणी घातलं आणि एक वाडगा काठापर्यंत भरून ओट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्हास चहा घ्यायला आला आणि थबकला.

"अगं बाप्पा! हे काय?"

वाडगा पिवळाधमक झाला होता.

"जरा जास्तच झालं," सरला म्हणाली.

"जास्त? हळद लागली आहे त्याला. पोराचं लग्न होऊन नाही राहिलं, म्हणून वाडग्याचं लावलंस?"

"चेष्टा पुरे. उन्हात ठेवला की उतरेल."

"कोणत्या उन्हात?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. नोव्हेंबरातलं बॉथेल. आभाळ खाली येऊन झाडांना टेकलेलं. भंडाऱ्याला असती तर गच्चीवर एक दुपार पुरली असती. हळद उन्हापुढे टिकत नाही. इथे तिनं वाडगा खिडकीपाशी ठेवला, मग गॅरेजच्या दारात, मग एकदा शाळेत जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर. थोडं उतरलं. तिनं साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं. पिवळा रंग बराचसा गेला. भेगांमधला मात्र राहिला. वाडग्याच्या आत केसासारख्या बारीक पिवळ्या रेषांचं जाळं दिसू लागलं. पिंपळाचं पान कुजून नुसत्या शिरा उरतात, तसं.

सुंदर होतं. तिलाच आश्चर्य वाटलं.

"जमलं," ती म्हणाली.

"बघू," उल्हास म्हणाला.

मग तिला वाटलं, नुसता रंग पुरायचा नाही. आपण तो कसा धरतो हे नकुल बघेल. सवयीचा हात वेगळा असतो. म्हणून त्या संध्याकाळी शाळेतून आल्यावर तिनं वरण-भात कालवला आणि पहिल्यांदा त्या वाडग्यात घेतला. वर तूप. ताट नाही, टेबल नाही. वाडगा तळहातावर घेऊन ती खिडकीशी उभी राहिली.

ऊब आधी हाताला आली. स्टीलची वाटी चटका देते, नाहीतर गार पडते. हा वाडगा हळूच गरम झाला आणि तसाच राहिला. काठ जाड नव्हता, पातळ नव्हता. ओठाला लागला तेव्हा कळलंही नाही.

मग बोटं नीट बसावीत म्हणून तिनं वाडगा थोडा फिरवला आणि बोटांना काहीतरी लागलं.

बुडापाशी, बाहेरच्या बाजूला, राखेचा पांढरा लेप नव्हता. चार लहान उघड्या जागा, खडबडीत, आणि समोर एक. तिनं खाली वाकून पाहिलं. बोटांचे ठसे होते ते. लेपात बुडवताना वाडगा जिथे धरला होता, तिथे राख लागली नव्हती. माती उघडी राहिली होती.

तिनं आपली चार बोटं तिथे ठेवली. अंगठा समोर ठेवला. तिची बोटं लहान होती. ठशांच्या आत सहज मावली.

वरण गार होईपर्यंत ती तशीच उभी होती. वाडगे इतके दिवस कपाटात होते. ती रोज काच पुसायची. बाहेरून.

त्यानंतर ती रोज त्यातच जेवली. नकुलला दाखवायला म्हणून नव्हे.

नकुल आला. बारीक झाला होता. नखांच्या कडांना माती होती, ती धुऊन जात नाही म्हणाला. दारातच बूट काढून त्यानं तिला मिठी मारली. मग उल्हाससमोर उभा राहिला.

"थंडी आहे का तिकडे?" उल्हासनं विचारलं.

"आहे."

"इकडे पाऊस आहे."

"दिसला."

थँक्सगिव्हिंगची टर्की कुणालाच नको होती. सरलानं वरण केलं, भात, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी. स्वतःसाठी वाडगा घेतला. सवयीच्या हातानं धरला. नकुलचं लक्ष सारखं त्याच्याकडे जात होतं. ती मुद्दाम तिकडे बघत नव्हती. त्याला कळलं तर? तीन वर्षं त्यानं ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला, ती नव्हतीच, हे कळलं तर पुन्हा कशाला येईल तो?

जेवण झाल्यावर तो उठला. "मी धुतो," म्हणाला. सिंकवरच्या दिव्याखाली त्यानं वाडगा तिरपा धरला. आत पाहिलं. बराच वेळ.

"आई."

"काय रे?"

"तू काठापर्यंत भरून वरण खायचीस?"

सरला ओटा पुसू लागली.

"नाही, म्हणजे बघ ना. क्रॅक्सचा कलर एकदम टॉपपर्यंत गेलाय. सगळीकडे सेम. रोज वापरला की खाली डार्क होतो, वर लाइट राहतो."

बाहेरून उल्हासचा आवाज आला. "खायची नाही, पोहायची ती त्यात."

नकुल हसला नाही. त्यानं वाडगा उलटा केला आणि तिचा अंगठा धरून बुडाच्या कड्यावरून फिरवला. कडं खरखरीत होतं, सँडपेपरसारखं.

"हे मऊ होतं," तो म्हणाला. "टेबलावर घासून घासून. दोन-तीन वर्षांत गुळगुळीत होतं. हा नवा आहे, आई."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"फुटला असता तर?" ती म्हणाली. आवाज चढला होता तिचा. "तू तिकडे. तुझ्या हातचे हे दोनच. फुटला असता तर काय केलं असतं मी?"

"फुटला असता तर दुसरा केला असता, यार आई."

"आणि?"

"आणि काय? घेऊन आलो असतो."

नळ चालू होता. नकुलनं तो बंद केला.

"मला वाटायचं," तो हळूच म्हणाला, "मी आहेच इथे. तू म्हणायचीस ना, रोज त्यातच खाते. तिकडे गुरुजी ओरडले, भट्टी बिघडली, की मी तेच आठवायचो. आत्ता आईकडे संध्याकाळ असेल. आत्ता तिनं बाउल घेतला असेल. आय थॉट, ओके, मी रोज घरी जेवतोय. मग तिकीट काढायची घाई वाटायची नाही."

इतकी वर्षं सरलाला वाटत होतं, आपलं ते छोटं खोटं त्याला आधार देतंय. देतच होतं. तोच आधार धरून तो तिकडे राहिला होता.

"रागावलास?"

"नाही," तो म्हणाला. मग एकदम हसला. "टॅमरिंड घातलंस ना? वास येतोय अजून."

बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज कधी बंद झाला होता, कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नकुलनं कपाटातला दुसरा वाडगा काढला, पेज करून पुन्हा उकळला आणि रात्रीच्या जेवणाला वरण घालून उल्हासच्या पुढ्यात ठेवला.

"बाबा, हा तुमचा."

"मला स्टीलची वाटी बरी."

"ट्राय तर करा."

उल्हासनं वाडगा उचलला, वजन पाहिलं, भुरका मारला. दुसरा मारला. सगळं संपवलं. मग म्हणाला, "गरम राहतं."

एवढंच. पण नकुल ते ऐकून असा बसला, जसा लहानपणी रिपोर्ट कार्ड हातात घेऊन बसायचा.

रविवारी तो गेला. विमानतळावर सरलानं डबा दिला. डबा घेताना त्यानं तो क्षणभर तसाच धरून ठेवला, तिच्या हातासकट.

डिसेंबर आला. शाळेतून घरी येईपर्यंत अंधारून यायचं. सरला रोज वाडग्यात जेवत होती. जेवून झालं की बुडाच्या कड्यावर अंगठा फिरवून बघायची. खरखरीत. अजून खरखरीतच. शनिवारी नकुल विचारायचा, खाल्लंस? ती वाडगा कॅमेऱ्यासमोर तिरपा करून दाखवायची. तळाशी वरणाचा ओघळ असायचा. तो मान डोलवायचा. पुन्हा केव्हा येतोस, हे विचारायला ती तोंड उघडायची आणि मिटायची. आत्ताच तर येऊन गेला.

एका संध्याकाळी वाडगा धुताना तिनं तो सिंकवर उंच धरला. साबणाचा हात होता. बोटं त्याच्या बोटांच्या जागी होती. नुसती सैल सोडायची. कुणी बघत नव्हतं. फुटला असता तर घेऊन आलो असतो, तो म्हणाला होता.

पाणी कोपरापर्यंत ओघळलं. तिला सोडता आला नाही. तिनं वाडगा धुतला, पुसला आणि जाळीवर उपडा ठेवला. स्वतःचीच लाज वाटली. आणि थोडी निराशाही.

नाताळच्या सुट्टीआधी शाळा एक दिवस लवकर सुटली. सरला गॅरेजच्या दारानं घरात आली. उल्हास घरूनच काम करत होता, पण आवाज स्वयंपाकघरातून येत होता. तो फोनवर मराठीत बोलत होता. ऑफिसचा फोन नव्हता.

"फुटला म्हणजे फुटला. कसा काय? हातातून सुटला." थोडा थांबला. "नाही नाही, पोस्टानं नको पाठवू. पोस्टात फुटतात. ... अरे, कागद गुंडाळून काय होते? ... हो. तुझी आई तर जेवून नाही राहिली धड."

सरला बूट न काढताच उभी राहिली. जाळीवर दोन्ही वाडगे होते. धड. तिचा उजवीकडे, उल्हासचा डावीकडे.

"जूनमध्ये?" उल्हास म्हणत होता. "बरं. जून चालेल. ... हो, आहे पाऊस. तिकडे थंडी आहे का?"

फोन ठेवून तो वळला आणि त्याला ती दिसली. तो ओशाळला नाही. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसू लागला.

"कोणता फुटला?" सरलानं विचारलं.

"तुझा म्हणून सांगितलं."

"माझा काऊन?"

त्यानं चष्मा उजेडाकडे धरून पाहिला. पुन्हा पुसला.

"माझ्यासाठी येईल काय तो?"

सरलानं बूट काढले. हात धुतले. कुकरमधलं वरण गरम केलं, फोडणी दिली. मग जाळीवरचा डावीकडचा वाडगा घेतला. डाग पडू नयेत म्हणून आधी पाण्यात बुडवून ठेवायचा असतो. तिनं ठेवला नाही. कोरड्या वाडग्यातच वरण वाढलं, निम्म्यापर्यंत, आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.